बिनमुळांचा खराटा

"ह्या कुंडीत खराटा लावलाय का गं?" मागच्या अंगणातून मावशीचा आवाज आला. "पाणी घालून वाढवताय वाटतं."

आई हसली. मी आत पुस्तकांच्या खोक्याला चिकटपट्टी लावत होते. माझे हात थांबले.

बाबा फॅक्टरीतून निवृत्त झाले होते आणि खडकीचं क्वार्टर सोडून आम्ही खराडीच्या फ्लॅटमध्ये निघालो होतो. आईची एकच अट होती, इथली माती तिकडे न्यायची नाही. वाळवीनं तिचं लाकडी कपाट तळापासून पोखरलं होतं. म्हणून मावशी बादली घेऊन बसली होती. मोगरा, गुलाब, कढीपत्ता, एकेक रोप उपटायचं, मुळं स्वच्छ धुवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायचं. नवी माती तिकडे विकत घ्यायची.

खराटा दिसायचा खरा खराट्यासारखाच. हिरव्या काड्या, प्रत्येकीला दोन फाटे, त्या फाट्यांना पुन्हा दोन. पानं नाहीत, फूल नाही. काड्यांवर मोहरीएवढे पिवळे दाणे, त्यात बीजाणू. क्वार्टरमागचं शिंदीचं झाड तोडलं तेव्हा त्याच्या खोडाच्या खाचेत बाबांना तो दिसला, आणि खालच्या भुसभुशीत मातीसकट त्यांनी तो उचलून आणला. नेच्यांच्या कुळातली ही फार जुन्या घडणीची वनस्पती आहे, हे मला पुढे बीएस्सीला कळलं. तिला मुळंसुद्धा नसतात. जमिनीखालच्या खोडात एक बुरशी राहते, आणि मातीतून अन्नपाणी मिळवायला ती मदत करते. कॉलेजच्या नर्सरीला आम्ही एक तुकडा दिला होता. त्यांनी तो धुऊन कोकोपीटमध्ये, नारळाच्या नुसत्या भुशात लावला. थोड्याच दिवसांत तो काळा पडला.

हे सगळं मला नीट सांगता आलं असतं, पण इंग्रजीत. घरात इंग्रजी शब्द तोंडातून गेला की मावशी म्हणते, "आल्या मॅडम." त्यामुळे मावशी आली की मी कमीच बोलते.

मी दारात जाऊन उभी राहिले. निवृत्तीनंतर बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या कुंडीपाशी बसायचे. वाळलेली काडी दिसली तर कात्रीनं कापायचे आणि कप विसळायला आत यायचे. क्वार्टर सोडायचं ठरल्यापासून जरा जास्त वेळ बसायचे.

आता ते टॉवेलात गुंडाळलेली बुद्धमूर्ती घेऊन टेम्पोकडे निघाले होते. मावशीनं त्यांना थांबवलं. "भाऊजी, हे काय ठेवायचं, का केर काढायला नेऊ मी?"

बाबांनी कुंडीकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील.

"राहू द्या हो," ते म्हणाले. "इथंच ठेवा. फ्लॅटमध्ये कुठं ऊन-सावलीचं बघत बसायचं."

ते हसलेही थोडेसे. मग मूर्ती उगाचच या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे गेले.

"इथं ठेवून कोण बघणार?" आई म्हणाली. "त्यांचा जीव आहे त्यात. धू आणि घे गोणपाटात."

मावशीनं काड्या मुठीत धरल्या आणि दुसऱ्या हातानं कुंडी आडवी केली. कडेची थोडी माती बादलीत पडली, पाणी गढूळ झालं. माझ्या डोक्यात इंग्रजी शब्द रांगेनं उभे होते आणि त्यातला एकही इथं उपयोगाचा नव्हता. बाबा फाटकाशी पाठमोरे उभे होते. टेम्पोवाल्याशी बोलायचं संपलं होतं, तरी ते परत येत नव्हते.

"मावशी, सोड ते," मी म्हणाले. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा आला. "त्याला मुळं नाहीत, ते ह्या मातीवरच जगतं. धुतलंस तर मरेल. आई, वाळवी नाहीये त्यात, मी कालच तळापर्यंत उकरून बघितलंय. कुंडी टेम्पोत नको, मी मांडीवर घेऊन बसते."