देविदासचा खुबा

त्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तरेकडच्या एका बर्फाळ चौकीवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. देविदास माझ्या हाताखाली लान्सनायक. तो गिरडचा, मी बोरगाव मेघेचा. दोघेच असलो की आमची बोली सुटायची. त्याच्या घरी वांगी आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची शेती. लहानपणापासून भाजीची पोती वाहिलेला माणूस. ओझ्याला तो कधी नाही म्हणाला नाही.

चौकीचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर उभं राहणं, मग बर्फ उपसणं, रॉकेलचे जेरीकॅन वर आणणं, आणि पेट्रोल, म्हणजे गस्त. एक दिवस तो उजवा पाय ओढताना दिसला.

"काऊन रे, पडला का कुठं?"

"नाई भाऊ. जांघेत आतून खुपून राह्यलं. मांडी वळवली का कळ निघते."

मी त्याला खाली तळावर पाठवलं. तिथे टेबलावर झोपवून त्याच्या खुब्याचा एक्स-रे काढला. हाडं शाबूत. शेरा मिळाला, फिट फॉर ड्यूटी.

"पायाले हात नाई लावला कोनी," परत आल्यावर देविदास म्हणाला. "नुसता फोटू पाह्यला."

सुभेदारसाहेबांनी त्याला फॉल-इनमध्ये सगळ्यांसमोर सुनावलं, "हड्डी ठीक है, तो दर्द कहाँ है? दिमाग में?" जवान हसले. मी साहेबांना एकट्यात गाठलं. हा कामचुकार नाही, याला पुन्हा दाखवा, म्हणालो.

"मशीन झूठ बोलती है क्या, हवालदार?"

विषय संपला. त्यानंतर देविदासने पायाचं नाव काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही शेजारच्या चौकीपर्यंत पेट्रोल केली. परतताना बर्फाचा एक तिरपा उतार आडवा पार करायचा होता. हाताने धरायला दोर बांधलेला होता. मी पुढे, देविदास माझ्यामागे. मधोमध तो थांबला.

"भाऊ, पाय उचलून नाई राह्यला. अटकला."

"हलू नको. मी येतो."

मी वळलो. तेवढ्यात त्याने दोरावरचा एक हात सोडला आणि स्वतःची मांडी उचलून पुढे टाकली. पाय टेकला, पण त्याने भार घेतला नाही. दुसरा हातही सुटला. देविदास खाली नाल्यात गेला.

मी रेडिओ घेतला. चौकीवर सुभेदारसाहेब होते. "एक जवान नाले में गिरा है. ओवर."

"नाम बताओ. ओवर."

"लान्सनायक देविदास. ओवर."

मग, "निकालो. आउट."

आम्ही खाली उतरलो तेव्हा तो संपला होता. चौकशीत मी त्याच्या दुखण्याचं सांगितलं. एक्स-रे नॉर्मल असल्याचं मला वाचून दाखवलं गेलं. निष्कर्ष निघाला, पाय घसरला.

आता मी पेन्शनीत आहे. यंदा माझाच खुबा धरला, म्हणून वर्ध्याला दाखवायला गेलो. डॉक्टर बाईंनी आधी मांडी हाताने फिरवून पाहिली. मग उभं राहून एक्स-रे काढायला लावला.

"झोपून का नाही?" मी विचारलं.

"एक्स-रेत कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, दिसत नाही, काका. दोन हाडांमधली फट दिसते. फट कमी झाली की कूर्चा झिजली, असं समजायचं. झोपून काढला तर ती कधी कधी ठीक वाटते, अंगाचा भार पडला की खरी कळते. सुरुवातीला तर उभं राहूनही कळत नाही. मग एमआरआय करावा लागतो."

"म्हणजे एक्स-रे साफ, तरी माणूस खरं बोलत असतो?"

"असू शकतो ना."

मी कागद घेतले आणि थेट स्टँडवर आलो.

तिथून एसटीने गिरडला गेलो. देविदासची बायको वनिता वावरात सांभाराच्या जुड्या बांधत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"मले काय सांगता भाऊजी? सुट्टीत आलते, तवा त्याइले मांडी घालून जेवता नाई ये. मले मालूम होतं. पन मले कोन इचारते?" मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "जे हासलते, त्याइले सांगजा."

गावात देविदासच्या नावाचा दगड आहे. सव्वीस जानेवारीला त्याला हार घालतात. भाषण करणारा दरवर्षी म्हणतो, आपला जवान हसत हसत गेला.

हसत होते ते दुसरे. देविदासला दुखत होतं.