सही न करणाऱ्या मॅडम

साकोलीच्या आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये एक मॅडम होत्या; मी त्यांचा सहायक. हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवल्याशिवाय त्या कुणाशी बोलत नसत आणि बोलल्या की शेवटी ‘बरं’ जोडत.

विजेच्या उपकेंद्रासाठी आम्ही एक बोर्ड बनवलं होतं. बाहेरून येणाऱ्या सिग्नलशी त्याने आपलं घड्याळ जुळवून ठेवायचं होतं. ते दिवसभर नीट चाले आणि मधूनच एकदा चुके. बोर्ड द्यायच्या दिवशी विभागप्रमुख म्हणाले, “एखाद्या वेळी चुकते, कोणाले समजते? तपासलं म्हणून सही करा.”

“मी नाही करत, सर. सिग्नल घड्याळाच्या ऐन ठोक्यावर आला, का तो पकडणाऱ्या फ्लिपफ्लॉपले शून्य का एक, ठरवता येत नाही. अन् तेच अर्धवट उत्तर पुढे जाते. त्याले अजून एक ठोका थांबू द्या, बरं.”

“मग हे करतील,” म्हणत सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी पेन उघडलंसुद्धा.

मॅडमनी बोर्डावरची चिप उपसून मुठीत धरली. “घ्या सही. रिकाम्या बोर्डावर घ्या.”

मी पेन बंद केलं.

त्यांनी पहिल्या फ्लिपफ्लॉपमागे दुसरा जोडला, वीजपुरवठ्यातले बारीक चढउतार दाबायला कपॅसिटर लावले आणि बोर्ड आठ दिवस सुरू ठेवलं. ते एकदाही चुकलं नाही. नवव्या दिवशी सर स्वतः कागद घेऊन आले आणि सहीची जागा दाखवू लागले.

“बसा सर,” पहिल्या ओळीवर बोट ठेवत मॅडम म्हणाल्या, “वाचून राहिली मी.”

सर बसले.