आमच्या शेडचे प्लांट हेड

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझी चोरून खाल्लेली जिलेबीसुद्धा लपत नाही.

चाकणला माझी शेड आहे. गाड्यांच्या सीटखालच्या लोखंडी पट्ट्या बनवतो. तेव्हा माणसं मोजकी होती, माझं व्हिजिटिंग कार्ड मात्र जाडजूड. वाढत्या कंपन्यांत पैसा घालणाऱ्या एका फंडाचे लोक बघायला येणार म्हटल्यावर मी काय करावं? मुलगी बघायला येतात तेव्हा घर सजवतात, तशी शेड सजवली. बायकोला क्वालिटीच्या टेबलावर बसवलं, दोन पुतण्यांना हेल्मेट घालून मशीनवर उभं केलं, आणि सुनीलराव — धाकट्या बहिणीचे, वैशालीचे यजमान — प्लांट हेड!

सुनीलराव पिंपरीतल्या मोठ्या कंपनीत परमनंट. त्या दिवशी रजा टाकून आले होते. बोलले मात्र असे, की फंडवाले विचारू लागले, हे कायमचे इथेच ना? मी म्हणालो, हो, अर्थात.

मग त्यांना गळ घातली.

"दादा, परमनंट सोडू म्हणता?"

"अहो, किती दिवस कार्ड पंच करणार? घरचीच कंपनी आहे!"

त्यांनी राजीनामा दिला. वैशालीने संत तुकाराम नगरात पेढे वाटले.

पैसा आला. इथवर मी नुसता बढाईखोर वाटतो ना? इथेच थांबता आलं असतं तर —

फंडाचा माणूस एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, आता कंपनी मोठी होणार, आमच्याकडे एक अनुभवी प्लांट हेड आहे. पण सुनीलराव तुमचे, तुम्ही म्हणाल तर तेच राहतील. मला फक्त 'राहू द्या' म्हणायचं होतं. दोन शब्द. का नाही म्हणालो? नातेवाइकांचा कारखाना दिसू नये म्हणून? की कामगार हल्ली आधी त्यांना विचारायचे, मग मला — म्हणून? दोन्ही असेल.

मी म्हणालो, "नको. तुमचाच माणूस आणा."

घरी सांगितलं, फंडवाल्यांनी ऐकलं नाही, मी खूप भांडलो. भांडलो! सोसायटीच्या वॉचमनशीही मी कधी आवाज चढवलेला नाही.

वैशालीने माझ्यासाठी पाणी आणलं. म्हणाली, "बस दादा, दमला असशील."

सुनीलराव आता एका गोदामात कंत्राटावर आहेत, शिफ्टने. कंपनी छान वाढली. मला काय वाटतं? खरं सांगू — मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय जसा आपला राहत नाही, तसं. दुखत नाही.

सणावाराला घरात कुणी फंडवाल्यांचा उद्धार केला, की मीही करतो. मला त्यांची नावं ठाऊक, त्यामुळे माझ्या शिव्या जास्त खऱ्या वाटतात. शेवटी सुनीलरावच मला आवरतात.

"जाऊ द्या दादा," म्हणतात, "त्यांचा तरी काय दोष?"

आणि मी जेवायला लागतो.