अकरा जणांची सहमती

सकाळी खिडकीच्या जाळीवर वाळक्या पानाच्या रंगाचा एक पतंग पंख पसरून बसला होता. त्याला पाहून मला वनिताबाई आठवल्या.

अशाच पतंगाचा फोटो मागच्या वर्षी मी एका संकेतस्थळावर टाकला होता. तिथे कुणीही कीटकाचा फोटो टाकतं, बाकीचे त्याची ओळख पटवतात, आणि पुरेशी माणसं सहमत झाली की ती नोंद संशोधनाच्या कामाची ठरते. याला मी व्याख्यानांत ज्ञानाची लोकशाही म्हणत असे. तिथे स्वतःच्या नावाआधी 'प्राध्यापक' लावायला मात्र विसरलो नव्हतो. मी प्रजाती सांगितली आणि अकरा जण लगेच सहमत झाले.

फक्त वनिताबाईंनी, त्या एका रोपवाटिकेत काम करतात, लिहिलं, "सर, याच्या मिशा कंगव्यासारख्या दिसतात. तुम्ही म्हणता त्याच्या साध्या असतात ना?"

"बाई, आम्ही हेच शिकवत आलोय," मी उत्तर दिलं.

"बरं सर. तुम्ही म्हणता तर तसंच असेल," असं लिहून त्यांनी आपली शंका मागे घेतली.

आज जाळीवरच्या पतंगाच्या मिशा भिंगातून पाहिल्या. कंगव्यासारख्याच होत्या. जुना फोटो उघडला, त्यातही तशाच. मी नाव बदललं आणि वनिताबाईंची सगळ्यांसमोर माफी मागितली. वाटलं, आता तरी कुणी चार शब्द सुनावेल.

दुपारपर्यंत अकराही जण नव्या नावाशी सहमत झाले. "धन्यवाद सर," एकाने लिहिलं. फोटो पुन्हा उघडून पाहिलात का, असं त्यांना विचारणार होतो, पण हात थांबला. पहिल्या वेळी मीही तो नीट पाहिला नव्हता.