आक्कांचा उजवा डोळा

मी पोटासाठी बुरशी पिकवते. हे सांगितलं की समोरच्याचं तोंड वाकडं होतं, त्याची आता सवय झालीय. एका साखर कारखान्याच्या जैविक खत विभागात आम्ही उकडलेल्या ज्वारीवर ट्रायकोडर्मा वाढवतो. आठवड्याभरात दाणे हिरवेगार होतात. ते वाळवायचे, दळायचे, शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून पिशव्या भरायच्या. ही मातीतलीच बुरशी. पिकाची मुळं कुजवणाऱ्या दुसऱ्या बुरश्यांना ती गुंडाळून खाऊन टाकते. शेतकरी मेळाव्यात मी माईक हातात घेऊन सांगायचे, "बुरशी म्हटलं की नाक मुरडू नका. पेनिसिलीन बुरशीनंच दिलं. थंड पेयातला आंबटपणासुद्धा कारखान्यात बुरशीकडूनच करून घेतात." लोक माना डोलवायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आमचं गाव गारगोटीच्या अलीकडे. घरात मी धाकटी सून, आणि आक्का माझी थोरली जाऊ. मी शिकलेली म्हणून नोकरीला, त्या शेतात आणि गोठ्यात. यावरून दोघींत कधी वाजलं नाही, कारण आक्कांनी ते कधी मनातच घेतलं नाही. पांढरा कोट हातावर टाकून मी दारात आले की त्या ओरडायच्या, "आली बघा आमची डॉक्टरीण!" आधी ती चेष्टा होती. मग हळूहळू घरातलं कोणीही ताप आला, पोट बिघडलं, की मला विचारायला लागलं. मीही उत्तरं देत गेले. उरलेल्या गोळ्या आणि बाटल्यांचा बिस्किटाचा डबा माझ्या ताब्यात आला. बुरशीतलं कळतं म्हणजे औषधातलंही कळतं, असा सगळ्यांचा समज झाला होता. सगळ्यांत जास्त माझाच.

त्या डब्यात डोळ्यांत टाकायच्या थेंबांची एक अर्धी बाटली होती. पॅकिंगच्या खोलीत हिरवी धूळ उडते. चष्मा आणि मास्क दिलेले असतात, पण उकडतं म्हणून ते खिळ्यालाच लटकतात. माझे डोळे लाल होऊन खाजायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी ते थेंब दिले होते आणि दोन आठवड्यांच्या वर टाकू नका म्हणून बजावलं होतं. दोन दिवसांत डोळे स्वच्छ झाले. एवढं गुणाचं औषध फेकायचं कशाला, म्हणून मी ते ठेवून दिलं.

पाऊस ओसरत आला होता. ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि आक्का म्हशींसाठी उसाचा पाला काढायला गेल्या होत्या. वाकलेल्या उठल्या आणि एक पात सपकन उजव्या डोळ्यात गेली. उसाच्या पातीची कड करवतीसारखी असते, हात कापून निघतात. त्या घरी आल्या तेव्हा पदराचा बोळा डोळ्यावर धरलेला होता.

"कोल्हापूरला दाखवू या का?" मी विचारलं.

"कशाला? म्हशीची धार कोण काढणार? तुझ्याजवळ हाय की औषध."

मी डबा उघडला. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं, पापणी वर केली आणि दोन थेंब टाकले. डोळ्यातून पाणी वाहत होतं, तरी त्या हसत म्हणाल्या, "हात हलका हाय गं तुझा."

तिसऱ्या दिवशी लाली गेली. मी घरभर सगळ्यांना बोलावून तो डोळा दाखवला. "बघा, उगाच हजार रुपये घातले असते." आक्का पदर सावरून गोठ्याकडे गेल्या. मी त्यांना दिवसातून चारदा थेंब टाकायला सांगितले आणि त्या निमूटपणे टाकत राहिल्या.

दहाव्या दिवशी मला बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. कडा कापसासारख्या पिंजलेल्या. तसली कड मी रोज लॅबमधल्या काचेच्या ताटलीत बघते. त्याच दिवशी मी आक्कांना कोल्हापूरला नेलं.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "यात काय टाकलं होतं?" मी पर्समधून बाटली काढून दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग सगळ्या वेटिंग हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, हे स्टेरॉइड आहे. डोळ्यात बुरशी शिरली होती, तिला तुम्ही खतपाणी घातलंत."

मग जरा नरमून त्यांनी समजावलं. लाली म्हणजे शरीराची लढाई असते. या औषधानं ती लढाई बंद पाडली. वरून डोळा शांत दिसला आणि आत बुरशीला रान मोकळं मिळालं. मी कुठं काम करते ते ऐकल्यावर त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगितलं. आक्कांच्या बुबुळावरून खरवडलेल्या कणात फांद्या फुटलेले, पारदर्शक धागे होते. मी आयुष्यभर पिकवत आले तसलेच.

"ही आमची तर नव्हे?" मी विचारलं. तिची जात कळायला पाच-सहा दिवस लागतील, असं ते म्हणाले. ते दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. रिपोर्टमध्ये फ्युजॅरियम आली. उसाचा शेंडा कुजवणारी, मातीत सगळीकडे असणारी, आमच्या लॅबच्या भिंतीवर शत्रू म्हणून जिचं चित्र लावलंय ती. मला हायसं वाटलं. आक्का शेजारी डोळा धरून कण्हत होत्या आणि मला हायसं वाटलं, कारण ती माझी बुरशी नव्हती. त्या क्षणाची मला अजून किळस येते.

तासातासाला नवे थेंब, सुया, मलम, सगळं झालं. महिन्याभरानं डोळा काढावा लागला.

बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकजण विचारी, कसं झालं? आक्कांचं ठरलेलं उत्तर होतं. "पात लागली." बाटलीचा शब्द कधी नाही. मी चहा घेऊन दारात उभी असायचे आणि त्या माझ्याकडे बघायच्याही नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी एका दुपारी न राहवून मीच विचारलं. त्या सोप्यात तांदूळ निवडत होत्या.

"आक्का, तुम्ही माझं नाव का घेत नाही?"

"घिऊन काय डोळा येतोय व्हय?"

"मला कळायला पाहिजे होतं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला कळलंतं की. तिसऱ्या दिवशीच. धार काढताना चांगला डोळा झाकून बघितलं, तर ह्या डोळ्यानं म्हशीची कास दिसंना."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सगळ्यास्नी बोलवून दावत हुतीस. एवढी खुशीत हुतीस गं. म्हटलं, कशाला हिरमुसली करायची."

आक्कांनी सूप माझ्याकडे सरकवलं. एका डोळ्यानं त्यांना बारीक खडे दिसत नाहीत, ते मागून मीच काढते.