गिझरचा मुतखडा

माझी आत्या गिझर दुरुस्त करते. गिझर, वॉशिंग मशीन, केटली, वाफेची इस्त्री. ज्या वस्तूच्या पोटात नळाचं पाणी जातं ती वस्तू तिची. आमच्या भागातलं पाणी जड. दिसायला काचेसारखं, पण साबणाला फेस येऊ देत नाही, आणि तापलं की अंगातला चुना भांड्याच्या अंगाला पुसून मोकळं होतं. लोक त्याला क्षार म्हणतात, आत्या मुतखडा म्हणते. एकदा तिनं एका म्हातारीच्या मुलाला फोनवर सांगितलं, "मुतखडा मोठा आहे, आता हातोडीनंच फोडते." तो ऑफिसातून जेवणाचा डबा उघडा टाकून धावत आला. आला तेव्हा त्याची आई खुर्चीत बसून विणत होती.

तीस वर्षं तिनं हे काम कानावर केलं. गिझरला कान लावायची आणि सांगायची, कॉइलवर बोटभर थर आहे, अजून वर्ष काढेल. उघडून बघावं तर बोटभरच. दोन वर्षांपूर्वी मात्र तिच्या कानांनी हात टेकले. हे फक्त मला ठाऊक होतं. बाहेर ती ओठांकडे बघून बोलणं ओळखायची, आणि नाहीच कळलं तर पाण्याला शिव्या घालायची. पाण्याला शिव्या घातल्या की समोरचा मान डोलावतोच.

हत्यारांची पेटी वजनदार, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर जातो. त्या दिवशी निवृत्त शिक्षिका असलेल्या, गणिताच्या बाईंकडे गेलो. बाईंची इमारत चाळीस घरांची, आणि चाळीसही घरांत आत्या जायची ती बाईंच्या शब्दावर. बाईंनी 'नको' म्हटलं तर उद्यापासून पेटीवर बसून माश्या मारायच्या, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बाईंचा जावई आलेला होता. हातात पेनाएवढं पाणी मोजायचं यंत्र. ते त्यानं ग्लासात बुडवलं आणि आकडा सगळ्यांना दाखवला. त्याच्या मिशा इतक्या झुपकेदार की ओठ आहेत की नाहीत याचीच शंका यावी. मला तिथंच धडकी भरली.

"मावशी, वय काय हो तुमचं?" मिशांतून आवाज आला.

आत्यानं गिझरकडे नजर टाकली. "असेल बारा वर्षं. पण आतून पार किडलेला आहे."

जावई खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्या आत्याच्या पाठीमागे गेल्या आणि वर्गात वाजवावी तशी एक टाळी वाजवली. आत्या शांतपणे पेटीतून पान्हा काढत राहिली.

"ठार बहिऱ्या आहेत," जावई म्हणाला. "आई, ह्या गिझर काय ऐकणार, डोंबल? मी नवाच आणतो."

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी फरशी मोजायला लागलो.

आत्या तोवर न्हाणीघरात स्टुलावर चढली होती. तिनं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिझरच्या पोटाला टेकवलं, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. हे तिनं कधी सुरू केलं मला माहीत नव्हतं. दात, जबडा, कवटी, सगळं लावून ती त्या डब्याच्या आत उतरली होती. आम्हाला ऐकू येत होती ती रोजचीच खदखद.

मग ती उतरली. पडल्यासारखी उतरली.

"बटण बंद. मेनसुद्धा. नळाला कुणी हात लावायचा नाही. सगळे जिन्यात चला."

"अहो, रोजच आवाज करतो तो," जावई म्हणाला.

त्याचं तिला कळलं नाही, पण त्याचे पाय हलत नाहीत एवढं दिसलं. "पाहुणे, मला आवाज येत नाही. काहीच येत नाही. पण आत पाणी तापत नाहीये, बाहेर पडायला भोक शोधतंय. चला."

दोन तास आम्ही जिन्यात बसलो. वरच्या मजल्यावरची बाई येऊन कठड्याला टेकली. जावई घड्याळ बघत होता. आत्या हात मांडीवर ठेवून बसली होती. जे लपवलं होतं ते तिच्याच तोंडून गेलं होतं.

गार झाल्यावर तिनं गिझर उघडला. पाणी ठराविक तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट जळून चिकटलेला. जास्तीची वाफ सोडणारा सेफ्टी वॉल्व तर बुचासारखा लिंपलेला. सुई जाईल एवढीही वाट नाही. जावयानं तो हातात घेतला, उजेडात धरला, आणि यंत्र खिशात टाकलं.

कॉइल ओढून काढायला दोघं लागलो. मनगटाएवढा जाड दगड. आत्यानं हातोडीनं एक तुकडा उडवला आणि सगळे पुढे वाकलो. कापलेल्या झाडासारखे थर होते त्याला, पांढरे, पिवळट, मध्ये एक काळपट. ज्या पाण्यात डोळ्यांना काही दिसत नाही, जे आपण गटागटा पितो, त्यानं आवाज न करता बादलीभर डोंगर रचला होता. मी कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो.

"हा काळा, बोअर खोल नेली तेव्हाचा," आत्या नखानं दाखवत म्हणाली. "आणि इथं थर एकदम बारीक झालेत. पाणी कमी तापलंय."

बाईंनी चष्मा सावरून पाहिलं. "मुलीचं लग्न झालं आणि आमचे हे गेले, त्यानंतरचं. तीन वर्षं मी एकटीच होते."

"एकटीचं तरी इतकं कमी? आंघोळीला दांड्या मारत होतात वाटतं."

बाई हसल्या, चांगल्या पोट धरून. मग आत्याच्या अगदी समोर येऊन, शब्द सुटा सुटा करत म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंत?"

"माझ्या जागी तुम्ही सांगितलं असतंत का?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची बाई दारातून म्हणाली, "आमचं मशीन पण पाणी घेत नाही हो. येता का?"

आत्याची तिकडे पाठ होती. बाईंनी तिच्या दंडाला धरून तिला वळवलं आणि त्या बाईला सांगितलं, "असं समोर येऊन बोला. ह्यांना ऐकू येत नाही."

ती बाई गोंधळली. आत्याकडे बघितलं, बादलीतल्या दगडांकडे बघितलं. मग दोन पावलं पुढं आली आणि तोंड मोठं उघडून पुन्हा म्हणाली, "मशीन. पाणी. घेत नाही."

"जाळी तुंबली असेल," आत्या म्हणाली. "कपडे काढून ठेवा आतले, आलेच."