पुस्तकातला नफा

मागाखाली तुटक्या धाग्यांचा पुंजका साचतो. रोज झाडला तरी आठवड्याने मूठभर होतोच, आणि तो कोणी टाकून देत नाही, दिव्याच्या वातीला उपयोगी पडतो. आमच्या रविवारच्या वर्गातल्या गोष्टी अशाच साचल्या आहेत. सगळ्या हिशेबाच्या उदाहरणांच्या आहेत, पण उदाहरणं कमी आणि माणसं जास्त.

वर्ग भरायचा नरसय्याच्या ओट्यावर. नरसय्या विणकर. घरात एक माग, त्यावर लुगडी विणायचा. मी गिरणीत कापडाच्या घड्या घालतो. मराठी चौथीनंतर शाळा सुटली, ती कायमची. तिसरा बिराप्पा, माळशिरसकडचा धनगर, मेंढरं भावाकडे सोपवून गिरणीत आलेला. चौथा महेबूब, त्याची केळीची गाडी नरसय्याच्या दाराशीच लागायची. शिकवायला एक पेन्शनर मास्तर. ते फी घेत नसत. फक्त दहा वाजता आतून चहा आला पाहिजे, एवढंच.

वर्ग सुरू झाला तो नरसय्यासाठी. त्याच्या डोळ्यांना तुटलेला धागा दिसेनासा झाला होता. विणकराला धागा दिसला नाही की माग बंद. त्याच सुमारास विणकरांची एक सोसायटी लुगड्यांचं दुकान काढणार होती आणि तिथे एक विक्रेता नेमायचा होता. परीक्षा नफा-तोट्याच्या तोंडी हिशेबाची. मास्तरांनी नरसय्याचा अर्ज लिहिला, आणि कागद उरला म्हणून माझाही लिहिला.

*

पहिल्याच रविवारी मास्तरांनी उदाहरण घातलं. एका मनुष्याने वीस मेंढ्या दर सहा रुपयांनी घेतल्या. पैकी तीन मेल्या. उरलेल्या दर सात रुपयांनी विकल्या. तर नफा की तोटा, आणि किती?

एकशेवीस दिले, एकशेएकोणीस आले. एक रुपया तोटा. मी पाटीवर मांडून मोकळा झालो. बिराप्पा मात्र पाटी कोरी ठेवून बसला होता. मास्तरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, तीन मेल्या त्यांची कातडी कुठं गेली? लोकर कातरली की नाही? मेंढरं रात्री खतासाठी दुसऱ्याच्या रानात बसवली असतील, त्याबद्दल मिळालेलं धान्य कुणी नेलं? आणि वीसात एकीलाही कोकरू झालं नाही?

मास्तर म्हणाले, "बिराप्पा, पुस्तकात जेवढं आहे तेवढंच धरायचं. मनुष्य कोण, काय, ते पुस्तकात नाही."

"धनगर न्हाय, येवढं नक्की हाय," बिराप्पा म्हणाला.

*

महेबूबला अर्ज करायचा नव्हता. गिऱ्हाईक नसलं की तो गाडी सोडून ओट्याच्या कडेला टेकायचा. एकदा मास्तरांनी त्याच्याच धंद्याचं उदाहरण काढलं. केळी आण्याला पाच घेतली, आण्याला चार विकली, तर शेकडा नफा किती?

उत्तर पंचवीस. महेबूबने मान हलवली. तो म्हणाला, चार मोजून दिली की गिऱ्हाईक वर एक उचलतंच. नाही म्हटलं तर चारही ठेवून जातं. म्हणजे पाच घेतली, पाच गेली.

मास्तरांनी चष्मा काढला. मग यात राहिलं काय? नफा शून्य असेल तर उन्हातान्हात गाडी लावून उभं राहायचं कशाला?

"घर कू बैठा तो बीवी पूछती ना, मास्तर साब," महेबूब म्हणाला. "यहाँ कोई नई पूछता."

*

माझी गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो, पण बाकीच्यांच्या सांगितल्यावर स्वतःची लपवणं बरं नाही.

मला उत्तर येत असे, आवाज येत नसे. म्हणून मी उत्तर पाटीवर लिहून पाटी हळूच बिराप्पाकडे सरकवायचो आणि तो ते खणखणीत सांगायचा. दोन महिने असं चाललं. मास्तर बिराप्पावर खूश होते. मग एक दिवस त्यांनी त्याला उभं केलं आणि म्हणाले, उत्तर बरोबर आहे, आता रीत सांग.

बिराप्पाने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

"आदी उत्तर येतंय, मास्तर," तो म्हणाला. "रीत मागनं चालत येतीय. गणू सांगंल."

त्या दिवशी मी पहिल्यांदा तोंडाने रीत सांगितली. नरसय्या म्हणाला, "तम्मी, आवाज आहे की तुला!" तम्मी म्हणजे तेलुगूत धाकटा भाऊ.

*

मास्तरांचीही एक आहे. जन्मभर त्यांनी नफा-तोटा शिकवला, पण बाजारात ते कधी जात नसत. त्या थंडीत स्वतः गेले आणि घोंगडी घेऊन आले. विकणारीने पाच रुपये सांगितले, आपण घासाघीस करून तीनवर आणली, असं मोठ्या आनंदाने सांगत होते.

बिराप्पाने घोंगडीचा कोपरा बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाला, अशी घोंगडी नातेपुत्याच्या बाजारात दोनाला मिळते.

आम्हाला वाईट वाटलं. मास्तरांनी माझी पाटी ओढून हिशेब मांडला. मग त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे तिला शेकडा पन्नास नफा झाला," ते म्हणाले. "बघा, पूर्ण भाग गेला. अपूर्णांक राहिला नाही."

*

वर्ग चालू असताना आतून रहाटाचा आवाज येत असे. नरसय्याची बायको राजव्वा कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची नळी. कांड्या भरलेल्या नसतील तर माग एक हातभरही चालत नाही. तो घर्र आवाज आमच्या कानात इतका बसला होता की ऐकूच येत नसे. थांबला की मात्र ऐकू यायचा.

एका रविवारी विणकराचं उदाहरण निघालं. सूत इतक्याचं, रंग इतक्याचा, विणकराची मजुरी इतकी, लुगडं इतक्याला विकलं. नरसय्याने सगळं मांडलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"मास्तर, कांड्या कोणी भरल्या?"

मास्तर म्हणाले, भरल्या असतील बायकोने.

"मग तिची मजुरी यात दिसत नाही."

"घरचंच माणूस ते. त्याची काय मजुरी धरायची? पुस्तकात जेवढं आहे तेवढंच धर."

आतला रहाट थांबला. मास्तरांनी पुढचं उदाहरण घातलं. दहा वाजले, साडेदहा वाजले. मास्तर दोनदा खाकरले. रहाट पुन्हा सुरू झाला, पण चहा काही आला नाही. त्या दिवशी आम्हाला कळलं, चहाही पुस्तकात नसतो.

*

परीक्षेच्या आदल्या रविवारी मास्तरांनी नरसय्याला मागावर हात ठेवून वचन द्यायला लावलं. कांड्यांचं नाव काढायचं नाही. साहेब विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं आणि उठायचं. नरसय्याने हात ठेवला आणि वचन दिलं. आत राजव्वा होती.

परीक्षा घ्यायला साहेब पुण्याहून आले होते. अर्ज बरेच होते, पण हिशेबापर्यंत पोचलो आम्ही दोघेच. आधी मला बोलावलं. सूत सव्वातीन रुपयांचं, रंग आठ आण्यांचा, विणकराची मजुरी सव्वा रुपया. लुगडं साडेपाचला विकलं. नफा काय? मी म्हणालो, आठ आणे. साहेबांनी कागदावर खूण केली.

मग नरसय्या आत गेला. दार उघडंच होतं, मी बाहेर बाकावर. साहेबांनी त्यालाही तेच उदाहरण घातलं. नरसय्या म्हणाला, "आठ आणे नफा."

साहेब शाबास म्हणाले. मी सुटकेचा श्वास सोडला. पण खुर्ची सरकल्याचा आवाज येईना.

"साहेब, हे पुस्तकाचं झालं," नरसय्याचा आवाज आला. "वचन दिलं होतं, ते पाळलं. आता माझं सांगू का?"

साहेब सांगा म्हणाले. नरसय्याने शांतपणे मांडलं. एका लुगड्याच्या कांड्यांना बायकोचे चार दिवस, दर दिवशी दोन आणे. ताण्याच्या उभ्या सुताला खळ लावायला पहाटे रस्त्यावर आई आणि मुलगी, दोघींचे मिळून चार आणे. झाले बारा. लुगड्यामागे चार आणे तोटा.

साहेब हसले. रागावलेले नव्हते. म्हणाले, "अहो, पण ती घरचीच माणसं. त्यांना मजुरी देतं कोण?"

"कोणी देत नाही, साहेब. म्हणून तर पुस्तकात नफा येतो."

नेमणुकीचा कागद तिसऱ्या दिवशी माझ्या नावाने आला.

मी तो घेऊन नरसय्याच्या ओट्यावर गेलो. मनाशी ठरवलं होतं की सांगायचं, मला नको, तू घे. पण आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. त्याने माझ्या हातातला कागद पाहिला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला, घडी घालून माझ्याच खिशात ठेवला.

"तू जा दुकानावर, तम्मी," तो म्हणाला. "लुगडी नीट मोजून घे."

आत रहाट थांबला. राजव्वा दारात आली. साहेब काय म्हणाले ते तिने तीन दिवसांत विचारलं नव्हतं, ते आता विचारलं. नरसय्याने सगळं सांगितलं, आठ आणे नफा इथपासून चार आणे तोटा इथपर्यंत, काही न वगळता. तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

"चार दिवस सांगितलंत?"

"हो."

"कांड्यांना पाच लागतात," राजव्वा म्हणाली. "तोटा सहा आण्यांचा."

आणि ती आत गेली.